पोरांचे दात आणि आपली साखर



या पत्रकातून आम्ही लागण, खोडवा, हुमणी, ठिबक, माती परीक्षण असल्या गोष्टींवर लिहीत असतो. या वेळचा विषय वेगळा आहे, आणि थोडा अडचणीचाही आहे. लहान मुलांचे दात का किडतात आणि ते कसे वाचवायचे, हा तो विषय. अडचण अशी की साखरेचे नाव घेतल्याशिवाय या विषयात एक पाऊल पुढे टाकता येत नाही, आणि साखरेवर तर आपले घर चालते. उसाचे बिल, सोसायटीचे कर्ज, पोरांच्या फिया, सगळे तिच्यावरच. मग साखर कारखान्याच्या पत्रकात साखरेचे दोष कशाला सांगता, असे कोणी म्हणेल. आमचे म्हणणे एवढेच की आपण जो माल तयार करतो त्याचे गुण जसे आपल्याला ठाऊक असतात, तसे दोषही ठाऊक पाहिजेत. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरची खूण बघूनच आपण डबा उघडतो ना?

अमेरिकेत याच्या उलट घडले. तिथल्या साखर उद्योगाने १९६० ते १९७० च्या सुमारास, साखरेने दात किडतात हे ठाऊक असूनही, सरकारी संशोधन साखर कमी करण्याच्या प्रश्नावरून दुसरीकडे वळवण्याची खटपट केली. त्यांचे त्या वेळचे आतले कागद अभ्यासकांनी २०१५ साली उजेडात आणले. तिथे कारखानदार एकीकडे आणि साखर खाणारी पोरे दुसरीकडे होती. सहकारी कारखान्यात हा भेदच नाही. ऊस पिकवणारे आपण, मालक आपण, आणि डब्यातली साखर मुठीने तोंडात टाकणारी पोरेही आपलीच.

कीड म्हणजे अळी नव्हे

दात किडतो म्हणजे दातात एखादी अळी शिरून तो पोखरते, असा समज अजून पुष्कळ घरांत आहे. आठवडी बाजारात बियांची धुरी देऊन दातातले किडे काढून दाखवणारे लोक याच समजावर पोट भरत आले. दातात असली अळी नसते. बाजारात जे खाली पडते ती हातचलाखी. पोराचे दात मात्र धुरी घेऊनही किडतच राहतात.

खरी कीड डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंची. त्यांतला मुख्य जंतू म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. नाव अवघड आहे, पण त्याचे काम आपल्या सभासदांना लगेच उमगेल असे आहे, कारण त्याचा एक भाऊबंद दरसाल आपल्याच कारखान्यात नुकसान करतो.

तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीवर आला पाहिजे, असे शेतकी खाते सारखे का सांगते? ऊस फडात किंवा गाडीत पडून राहिला, त्यातही जळका असला, म्हणजे कापलेल्या टोकातून ल्युकोनोस्टॉक नावाचा जंतू आत शिरतो. तो उसातली साखर खातो आणि तिच्यापासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट डिंक तयार करतो. अशा उसाचा रस बुळबुळीत होतो, मळ नीट खाली बसत नाही, पॅनमध्ये दाणा लांबट पडतो आणि उतारा घटतो. शिळ्या उसाचे नुकसान नुसत्या वजनघटीचे नसते ते यामुळे.

पोराच्या तोंडात नेमके हेच चालते. दातांवरचा म्युटन्स जंतू साखरेपासून तसाच चिकट डिंक करतो, आणि त्या डिंकाच्या आधाराने दाताला घट्ट चिकटून बसतो. सकाळी नखाने दात खरवडला की पिवळट पांढरा लगदा निघतो तो हाच, जंतू आणि डिंक यांचा थर. नुसत्या चुळा भरून तो सुटत नाही. घासूनच काढावा लागतो. या थराखाली बसून जंतू उरलेली साखर आंबवतात आणि आम्ल तयार करतात. दात खातो तो जंतू नव्हे, हे आम्ल दात खाते.

आता आम्लाचे गणित. रसाचा पीएच किती, हे आपल्या प्रयोगशाळेत सारखे बघितले जाते. सात म्हणजे ना आंबट ना खारट, आणि आकडा जितका खाली तितके आम्ल जास्त. ताज्या उसाचा रस मुळातच थोडा आम्ल असतो, म्हणून त्याला चुन्याचे दूध घालून सातच्या आसपास आणतात. नाहीतर आम्लाने साखर फुटते. तोंडात हे चुन्याचे काम लाळ करते. एरवी तोंडातला पीएच सातच्या जवळ असतो. गोड खाल्ले की काही मिनिटांतच तो घसरतो, आणि साडेपाचच्या खाली गेला की दाताच्या वरच्या कठीण कवचातला चुना, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट, विरघळू लागतो. मग लाळ हळूहळू आम्ल मारते, अर्ध्या-पाऊण तासात गाडी मूळपदावर येते, आणि लाळेतलेच कॅल्शियम, फॉस्फेट दातात पुन्हा भरले जाते. झीज आणि भरपाई यांचा हा जमाखर्च रोज चालू असतो. झीज जास्त झाली की दाताला भोक.

किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले

वरचा हिशेब नीट बघितला तर एक गोष्ट ध्यानात येईल. दुपारच्या जेवणात पोराने श्रीखंड किंवा पुरणपोळी पोटभर खाल्ली तरी दातावर आम्लाचा हल्ला एकदाच होतो. पण तेवढीच साखर दिवसभरात दहा वेळा चिमूट चिमूट खाल्ली, तर हल्ले दहा. दर खेपेला अर्धा तास धरला तरी पाच तास दात आम्लात बुडालेले. लाळेला भरपाई करायला उसंतच मिळत नाही.

ही गोष्ट स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म येथील इस्पितळात तपासली गेली. १९४५ नंतरच्या काही वर्षांत तिथल्या मतिमंद रुग्णांना वेगवेगळ्या रीतीने साखर खायला दिली आणि त्यांचे दात तपासले. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे दात थोडेच जास्त किडले. दोन जेवणांच्या मध्ये दाताला चिकटणारी टॉफी खाणाऱ्यांचे दात भराभर किडले. १९५४ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि तो आजही मानला जातो. ज्यांना नाही म्हणता येत नव्हते अशा माणसांचे दात जाणूनबुजून किडवून हे ज्ञान मिळाले, हेही सांगितले पाहिजे. तसला प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि देऊही नये.

दुसरा दाखला लढाईचा. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे, जपान अशा देशांत साखर मिळेनाशी झाली. त्या वर्षांत तिथल्या मुलांच्या दातांची कीड कमी झाली, आणि लढाई संपून साखर परत आल्यावर कीडही परत आली.

आता आपल्या घरात बघू. सकाळी उठल्यावर चहात बुडवून बटर किंवा बिस्कीट. अंगणवाडीत जाताना खिशात गोळी. दुकानात सामान आणायला गेले की सुट्ट्या पैशांच्या बदल्यात चॉकलेट. दुपारी रडायला लागले की गुळाचा खडा. पाहुणा आला की पुडा. आजोबा बाजारातून येताना काही आणणार नाहीत असे कधी होते का? यांतला एकही पदार्थ विष नाही. पण मोजून बघा, दिवसाची दहा-बारा खेप सहज भरते. शिवाय बिस्कीट आणि पाकिटातले कुरकुरीत पदार्थ दाढेच्या खाचेत लगद्यासारखे बसून राहतात. तिखट-मिठाचे म्हणून त्यांच्यावर कोणी संशय घेत नाही, पण त्यांतला पिष्टाचा अंश जंतूंना चालतो.

गुळाविषयी आपल्याकडे फार गैरसमज आहे. 'साखर वाईट, गूळ चांगला' असे सगळेच म्हणतात. इतर बाबतीत काही असेल ते असो, दातांच्या बाबतीत गूळ हा साखरेचाच भाऊ, उलट जास्त चिकट. मधाचे तेच. आणि ऊस? ऊस सोलून चावून खाल्ला तर लाळ भरपूर सुटते आणि तिने बरेचसे आम्ल मारले जाते, हे खरे. पण रसात शेकडा पंधराच्या आसपास साखर असतेच, तेव्हा 'उसाने दात साफ होतात, वेगळे घासायला नको' हे काही खरे नाही. फडात बसून पोराने एकदा दोन कांड्या खाव्यात, वर पाणी प्यावे, आमची हरकत नाही. आपल्याच पोराने आपला ऊस खाऊ नये असे सांगणारे आम्ही कोण! दिवसभर कांडके तोंडात धरून हिंडणे मात्र बंद करावे.

साखर किती असावी याचाही अंदाज देतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर, गूळ, मध, फळांचा रस अशा सगळ्या मोकळ्या साखरेतून मिळणारी उष्णता दिवसाच्या एकूण उष्णतेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, आणि पाच टक्क्यांहून कमी असेल तर आणखी चांगले. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी दहा टक्के म्हणजे सुमारे ३० ग्रॅम, सहा-सात लहान चमचे. चहा, दुधातली साखर, बिस्किटे, शीतपेये सगळे धरून. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला तर वरून साखर द्यायचीच नाही, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. बाळाला दूध अगोड लागत नाही. ते अगोड लागते आपल्याला.

सर्वांत जास्त नुकसान रात्रीच्या बाटलीने होते. झोपेत लाळ सुटणे कमी होते. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळ झोपले, की ते दूध वरच्या पुढच्या दातांभोवती रात्रभर साचून राहते. दीड-दोन वर्षांच्या पोराचे वरचे चार दात काळे पडून हिरडीपर्यंत झिजलेले दिसतात, ते बहुतेक याच कारणाने. त्याची सुरुवात हिरडीलगत खडूसारख्या पांढऱ्या पट्ट्याने होते. हा पट्टा दिसला त्याच वेळी बाटली सुटली आणि दात घासणे सुरू झाले, तर दात पुन्हा सुधारू शकतो. काळे भोक पडल्यावर तो आपोआप भरत नाही. म्हणून महिन्यातून एकदा उजेडात बाळाचा वरचा ओठ उचलून बघावे. बाटलीची सवय एकदम सुटत नसेल तर साखर बंद करून दुधात रोज थोडे थोडे पाणी वाढवीत जावे, आठ-पंधरा दिवसांत नुसत्या पाण्यावर यावे. पहिले दोन दिवस रडारड होईल.

'दुधाचेच दात, पडणारच आहेत'

हे वाक्य आम्ही किती घरांत ऐकले त्याला गणती नाही. दुधाचे दात वीस. पहिला साधारण सहाव्या महिन्यात येतो, अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. पुढचे दात सहा-सात वर्षांचे असताना पडू लागतात हे खरे, पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत राहतात. म्हणजे तीन वर्षांच्या पोराची दाढ किडली तर पुढची सात-आठ वर्षे त्याने चावायचे कशाने? ठणकणाऱ्या दाढेचे पोर भाकरी टाकते, मऊ आणि गोड मागते, रात्री झोपत नाही, अंग धरत नाही, शाळेत लक्ष लागत नाही. वेळेआधी दाढ काढली तर शेजारचे दात सरकून ती जागा खातात, आणि खालून येणारा पक्का दात वाकडातिकडा येतो. दुधाच्या दाताचे कवच पातळ असते, त्यामुळे कीड आत नसेपर्यंत लवकर पोचते. मुळाशी पू झाला तर खाली तयार होणाऱ्या पक्क्या दातालाही डाग लागू शकतो.

त्याहून मोठी फसगत सहाव्या वर्षी होते. त्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, कोणताही दात न पडता, एक नवी दाढ गुपचूप उगवते. वर दोन, खाली दोन. या चारही दाढा पक्क्या, जन्मभराच्या. दात पडलेला दिसत नाही म्हणून आईबापांना वाटते हीही दुधाचीच, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात, ब्रश तिथवर पोचत नाही. दहाव्या वर्षी ही दाढ काढून टाकायची वेळ आलेली पोरे आपल्या भागात आहेत. या खाचा पातळ लेपाने बुजवून घेण्याची सोय दंतवैद्याकडे असते, आणि तिला सुई किंवा कापाकापी लागत नाही. पोर सहा-सात वर्षांचे झाले की तेवढे एक काम करून घ्यावे.

घासायचे कशाने, आणि कोणी

पहिला दात दिसला त्या दिवसापासून घासायचे. मऊ, लहान ब्रश. तीन वर्षांच्या आत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पेस्ट दाखवतात ती विक्रीसाठी. पेस्ट फ्लोराइडची असावी, पाकिटावर १००० पीपीएमच्या आसपास आकडा बघून घ्यावा. फ्लोराइड दाताच्या कवचात जाऊन बसते आणि मग ते कवच आम्लाला लवकर बधत नाही. घासून झाल्यावर थुंकायला लावावे, पण भराभर चुळा भरून सगळी पेस्ट धुऊन टाकू नये. घासायचे दोन वेळा, आणि एकच वेळ जमत असेल तर ती रात्रीची धरावी. घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही.

आणि हे काम पोरावर सोपवायचे नाही. पोराला स्वतःच्या बुटाची नाडी नीट बांधता येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षांपर्यंत, त्याला दात नीट घासता येत नाहीत. त्याला पुढ्यात बसवावे, डोके आपल्या छातीला टेकवावे आणि वरून बघत घासावे. दोन मिनिटे पुरतात. हे बायकांचेच काम आहे असे कुठे लिहिलेले नाही. रात्री पारावरून घरी आलेल्या बापालाही ते जमते.

राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी यांनी दात पांढरे दिसतात, कारण त्या दाताचे कवच घासून नेतात. त्या मुलांना नकोत. कडुलिंबाची काडी मोठ्या माणसाने नीट चावून मऊ करून वापरली तर वाईट नाही, पण लहान मुलाच्या हिरडीला ती टोचते आणि तिच्यात फ्लोराइडही नसते.

मिश्रीबद्दल स्पष्ट लिहितो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली, तरी घरोघर तव्यावर मिश्री भाजली जाते. आजी लावते म्हणून नातही बोट पुढे करते, आणि तिलाही चिमूटभर मिळते. तिने दात घासले जात नाहीत, फक्त सवय लागते, आणि ती पुढे तोंडाच्या कॅन्सरपर्यंत नेऊ शकते. ज्या घरात मिश्री सुटत नाही तिथे निदान डबी पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

फ्लोराइडची एक दुसरी बाजू आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या बोअरच्या पाण्यात ते मुळातच जास्त आहे, आणि तिथल्या मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा झराच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. ज्यांच्या वस्तीवर खोल बोअरचे पाणी पितात त्यांनी ते जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतून एकदा तपासून घ्यावे. माती परीक्षणाची बाटली-पिशवी नेतोच, त्यात एक बाटली ही.

किडल्यावर काय

दुखणाऱ्या दाढेत तंबाखूची चिमूट दाबणे, डोकेदुखीची गोळी हिरडीला लावून ठेवणे, लवंगेचे तेल ओतणे हे लहान मुलाला करू नका. हिरडी भाजते, आणि तेल किंवा तंबाखू पोटात गेली तर विषबाधा होते. दुखणे थांबले म्हणजे दात बरा झाला असेही नाही. पुष्कळदा आतली नस मेलेली असते आणि मुळाशी पू साचत असतो. नुसत्या कॅप्सूलचा कोर्स घेऊन तो कायमचा जात नाही.

लहान भोक वेळेत भरून घेतले तर काम थोडक्यात होते. ड्रिलच्या आवाजाला घाबरणाऱ्या मुलासाठी हाताच्या हत्याराने किडलेला भाग खरवडून ग्लास आयनोमर सिमेंट भरतात. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचा एक थेंब लावून कीड जागच्या जागी थांबवण्याचा उपाय आहे. त्याने किडलेली जागा काळी पडते, ते आधीच सांगून ठेवतो, नाहीतर नंतर दंतवैद्यावर राग निघायचा. फ्लोराइडच्या पेस्टसकट या गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातल्या आहेत.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासायला येतात. त्या तपासणीत दातही आहेत. पथक येणार त्या दिवशी पोर घरी ठेवू नये, आणि चिठ्ठी मिळाली तर ती फडताळात न ठेवता पोराला घेऊन दवाखान्यात जावे. आपल्या फडात ऊस तोडायला येणाऱ्यांची पोरे या तपासणीतून हमखास निसटतात, कारण पथक त्यांच्या गावी जाते तेव्हा ती आपल्या कोप्यांवर असतात. ज्या सभासदाच्या रानात टोळी उतरली असेल त्याने जवळच्या अंगणवाडी ताईंना आणि मुकादमाला एवढे कळवले तरी ती पोरे यादीत येतात.

मात्र पोराच्या गालावर सूज आली, ताप भरला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा सूज डोळ्याकडे अथवा गळ्याकडे उतरू लागली, तर चिठ्ठीची किंवा पथकाची वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, ज्या दवाखान्यात डॉक्टर हजर आहे तिथे न्या. दुसऱ्या दिवशी तोड आहे, गाडी भरायची आहे, हे कारण या बाबतीत चालत नाही.